मंद केली की विझते, तापली की आत शिरते: ज्योत आणि तिच्या शेजारची भिंत

बर्नर मोठा ठेवला की तासन्‌तास बिनतक्रार चालतो. मंद केला की दोन-तीन मिनिटांत ज्योत थरथरायला लागते, एका बाजूची निळी कडा नाहीशी होते आणि मग सगळीच विझते. पुन्हा पेटवली की पुन्हा तेच. जेट (गॅस ज्यातून येतो ते बारीक तोंड) साफ करून झालं, रेग्युलेटर बदलून झाला, नळी नवी घातली, तरी आठवडाभरात तक्रार परत हजर. दुसरी तक्रार नेमकी याच्या उलट असते. थंड असताना बर्नर उत्तम चालतो, पण अर्ध्या तासाने ‘भप्प’ असा आवाज येतो, छिद्रांवरची ज्योत दिसेनाशी होते आणि बर्नरच्या पोटात काहीतरी गुरगुरत जळत राहतं.

दोन्ही वेळा माणूस आधी गॅसकडे बघतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. दोष बऱ्याचदा गॅसमध्ये नसतो, ज्योतीला लागून असलेल्या धातूत असतो. भिंत किती जवळ आहे आणि ती थंड आहे की गरम, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक तक्रारींचा उलगडा तिथेच होतो.

हे मला एका साध्या प्रयोगाने शिकवलं. ॲल्युमिनियमच्या दोन सपाट पट्ट्या, त्यांच्यात 3 मिलिमीटरची फट, समोर काच आणि आत मिथेन-हवेचं मिश्रण अशी मांडणी होती. खालच्या तोंडाशी ज्वालारोधक जाळी बसवलेली होती. वरून पेटवली की ज्योत फटीतून सावकाश खाली सरकायची आणि दर वेळी एकाच जागी, तळापासून साधारण चार बोटं वर, विझायची. दोन दिवस मी मिश्रणाचं प्रमाण बदलत बसलो. शेवटी काच काढून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं, तर त्या जागी फट 2 मिलिमीटरच्याही खाली गेलेली. बोल्ट जास्त आवळला गेल्यामुळे पट्टी किंचित वाकली होती. ज्योत अगदी बरोबर वागत होती, चुकलं होतं माझं मोजमाप.

भिंत ज्योतीचं काय करते

मिथेन-हवेच्या ज्योतीत खरं ज्वलन ज्या थरात होतं, तो थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्या मागच्या वायूचं तापमान 1900 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि पुढचा वायू खोलीच्याच तापमानाला असतो. ज्योत पुढे सरकते ती मागची उष्णता पुढच्या थंड मिश्रणाला देऊन. आता या थराशेजारी थंड धातू आणून ठेवला की त्या उष्णतेला दुसरी वाट मिळते. पुढच्या मिश्रणाला पेटवण्यासाठी लागणारी उष्णता धातूच पिऊन टाकतो. तापमान उतरलं की रासायनिक क्रियांचा वेग झपाट्याने कोसळतो, उष्णता आणखी कमी तयार होते, आणि हे चक्र काही मिलिसेकंदांत ज्योत संपवून मोकळं होतं.

दोन भिंतींमधली फट निम्मी केली तर काय होतं, हे एकदा मनाशी मांडून पाहा. फटीत मावणारं मिश्रण निम्मं झालं, म्हणजे तयार होणारी उष्णता निम्मी. शिवाय गरम मध्यापासून थंड भिंतीपर्यंतचं अंतर निम्मं झालं, म्हणजे उष्णता बाहेर पळण्याचा वेग दुप्पट. आवक-जावकीचं गुणोत्तर एका झटक्यात चौपटीने बिघडलं. म्हणूनच 3 मिलिमीटरला सुखाने चालणारी ज्योत 2 मिलिमीटरच्या खाली हळूहळू अशक्त होत बसत नाही, ती सरळ मरते.

ज्या फटीपलीकडे ज्योत जाऊ शकत नाही, त्या फटीला शमन अंतर म्हणतात. साध्या वातावरणीय दाबाला आणि समतोल मिश्रणात (गॅसला पूर्ण जळायला नेमकी लागेल तेवढीच हवा) मिथेनचं शमन अंतर 2 ते 2.5 मिलिमीटरच्या आसपास आहे. प्रोपेनचं 2 मिलिमीटरच्या जरा खाली येतं. हायड्रोजनचं मात्र फक्त 0.6 मिलिमीटर. हे आकडे दोन समांतर पाट्यांचे आहेत. गोल नळीत भिंत सगळ्या बाजूंनी असते, म्हणून नळीचा शमन व्यास याहून मोठा, साधारण दीडपट भरतो. भिंत एकच असेल तर ज्योत तिच्या बरीच जवळ जाऊ शकते. समोरून धडकली तर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपर्यंत, कडेने घासत गेली तर त्याहून थोडी दूर.

दाब वाढला की हे अंतर जवळपास त्याच प्रमाणात घटतं. आणि व्यवहारात सगळ्यांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट म्हणजे मिश्रणात हवा गरजेपेक्षा खूप जास्त झाली की शमन अंतर वाढत जातं. काल ज्या छिद्रावर ज्योत टिकत होती, त्याच छिद्रावर आज टिकत नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं. छिद्र तेवढंच राहतं, मिश्रण पातळ झालेलं असतं.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर जाड तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं करा आणि थंड असताना पेटत्या मेणबत्तीच्या ज्योतीवर टोपीसारखं उतरवा. ज्योत विझते. तेच वेटोळं चिमट्यात धरून आधी चांगलं तापवा आणि मग उतरवा, ज्योत जळत राहते. हवा दोन्ही वेळा तेवढीच, मेणही तेच, बदललं ते फक्त तांब्याचं तापमान. माझ्या मते बर्नर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा. वाचून जे डोक्यात बसत नाही ते इथे बसतं.

आधी घड्याळ, मग पाना

काहीही उघडण्यापूर्वी वेळ मोजा. पेटवल्यापासून किती मिनिटांनी विझली, तेव्हा ज्योत मोठी होती की मंद, बर्नरचा धातू थंड होता की तापलेला, हे तीन-चार वेळा लिहून काढा. त्याच जोडीला खोलीत अंधार करून छिद्राची कड आणि निळ्या ज्योतीचा तळ यांच्यातली जागा बाजूने पाहा. तिथे एक अगदी बारीक काळी पट्टी दिसते. धातूने ज्योतीला जितकं दूर ठेवलं आहे तितकी ती पट्टी. ती सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला रुंद असेल तर दुखणं त्या बाजूला आहे.

थंड असताना मंद आचेवर विझते आणि दहा मिनिटं मोठ्या आचेवर तापवून मग मंद केली तर टिकते, असं आढळलं तर हे शमन आहे, यात जवळजवळ शंका नको. मंद केल्यावर मिश्रण छिद्रातून हळू येतं, त्यामुळे ज्योत कडेला जास्त चिकटून बसते आणि धातूला जास्त उष्णता देऊन बसते. छिद्र बारीक असल्यामुळे तिला आत शिरता येत नाही, म्हणून ती जागीच विझते.

यावर पहिला उपाय हवेच्या झडपेचा. मंद आचेवर प्राथमिक हवा (छिद्रांपर्यंत पोचण्याआधीच गॅसमध्ये मिसळणारी) थोडी थोडी कमी करत जा आणि दर बदलानंतर मिनिटभर थांबून पाहा. ज्योतीची टोकं पिवळी पडायला लागली की जास्त झालं, तिथून थोडं मागे या. पिवळेपणा म्हणजे काजळीचे कण तयार होऊ लागले, आणि ती दुसरी अडचण मला इथे ओढवून घ्यायची नाही. दुसरा उपाय म्हणजे ज्योतीजवळचा अनावश्यक धातू शोधणे. कुणीतरी नंतर बसवलेली जाड कडी, खाली सरकलेला आधार, ज्योतीत घुसलेला स्क्रू. जाड आणि थंड धातू बराच वेळ उष्णता पीत राहतो. वाऱ्याची झुळूकही पाहा, पण ती अडवायला खोलीची हवेशीर वाट बंद करू नका. आडोसा बर्नरला करा, खोलीला नको.

जेव्हा मोठ्या आचेवरच ज्योत छिद्रांपासून उचलली जाऊन विझते, तेव्हा गोष्ट वेगळी आहे. मिश्रणाचा वेग ज्वलनाच्या वेगाच्या पुढे गेलेला असतो. हवा कमी करा किंवा गॅसचा दाब तपासा, इथे भिंतीला दोष देण्यात अर्थ नाही.

तापल्यावर आत शिरणारी ज्योत

ही तक्रार मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण इथे चुकीची दुरुस्ती धोकादायक ठरते.

मिश्रण छिद्रातून बाहेर येण्याचा वेग आणि ज्योत मिश्रणात शिरण्याचा वेग यांची सतत रस्सीखेच चालू असते. मिथेनचा ज्वलनवेग सेकंदाला 40 सेंटिमीटरच्या जरा खाली, प्रोपेनचा 40च्या किंचित वर, हायड्रोजनचा मात्र दोन मीटरपेक्षा जास्त. छिद्राच्या मध्यभागी मिश्रण जोरात वाहतं, पण भिंतीला लागून वेग शून्याकडे जातो. मग ज्योत त्या मंद कडेने आत का शिरत नाही? कारण तिथेच थंड भिंत तिला विझवते. म्हणजे ज्या भिंतीची आपण मघाशी तक्रार करत होतो, तीच इथे पहारेकरी आहे.

बर्नर तापला की पहारा ढिला पडतो. गरम भिंत कमी उष्णता ओढते. शिवाय आतून येणारं मिश्रणही तापतं. मिथेन-हवेचं मिश्रण 25 अंशांवरून 175 अंशांवर गेलं तर त्याचा ज्वलनवेग जवळजवळ दुप्पट होतो. त्यातच कुणी आच मंद केली की रस्सी उलट बाजूला जाते आणि ‘भप्प’.

रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीच्या खाणदिव्याची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. इंग्लंडमधल्या फेलिंग इथल्या कोळसा खाणीत 25 मे 1812 रोजी स्फोट होऊन 92 माणसं आणि मुलं गेली. त्यानंतर 1815 मध्ये डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेच्या जाळीची भिंत उभी केली. पुढे रूढ झालेल्या जाळीत एका चौरस इंचात 784 छिद्रं असत, म्हणजे शेजारच्या दोन तारांच्या मध्यांत जेमतेम 0.9 मिलिमीटर अंतर. खाणीतला वायू जाळीतून आत येई, आत पेटेही, पण ज्योत बाहेर पडू शकत नसे. तरी हा दिवा निर्धोक नव्हता. जाळी गंजून एखादं छिद्र मोठं झालं, तार तापून लाल झाली, किंवा जोराच्या वाऱ्याने ज्योत जाळीवर दाबली गेली, तर ती पलीकडे जात असे. तुमच्या बर्नरमध्ये ज्योत आत शिरते तेव्हा कारणं हीच असतात: कुठेतरी फट मोठी झाली आहे, धातू फार तापला आहे, किंवा प्रवाह बिघडला आहे.

म्हणून आधी बर्नरची टोपी नीट बसली आहे का ते पाहा. साफसफाईनंतर टोपी तिरकी बसते, एका कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहते, आणि ज्योत सगळी छिद्रं सोडून त्या एका दारातून आत जाते. मी पाहिलेल्या प्रकरणांत हे कारण सगळ्यांत जास्त वेळा निघालं. मग तडा गेला आहे का पाहा. मग जेट अर्धवट तुंबलं आहे का पाहा, कारण गॅस कमी आला की बाहेर पडण्याचा वेग घटतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुंबलेली छिद्रं मोकळी करायला ड्रिल घालू नका, जाड दाभणही नको. छिद्राचा व्यास बनवणाऱ्याने शमनाचा हिशेब करून ठरवलेला असतो. ते ‘जरा मोकळं’ केलं की पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने घरी पाठवल्यासारखं होतं. मऊ ब्रश, दाबाची हवा, किंवा छिद्राहून निश्चित बारीक तार, एवढंच वापरा. बर्नर एका वायूसाठी बनलेला असेल तर त्यात दुसरा वायू, विशेषतः हायड्रोजन मिसळलेला, बनवणाऱ्याने तसं सांगितल्याशिवाय वापरू नका. मिथेनला जे छिद्र भिंतीसारखं वाटतं ते हायड्रोजनला उघडा दरवाजा असतं.

ज्योत आत शिरलीच तर गॅस लगेच बंद करा. हवेची झडप फिरवत बसू नका. बर्नर हात लावण्याइतका थंड झाल्याशिवाय आणि साचलेला गॅस निघून गेल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

याच संदर्भात एक गैरसमज वारंवार भेटतो: शमन अंतराहून लहान फट असली की स्फोटही आत अडकून राहतो. तसं नाही. बंद पेटीत स्फोट झाला की गरम वायू फटीतून जोराने बाहेर फेकला जातो. फटीत ज्योत विझली तरी तो वायू बाहेरच्या मिश्रणाला पेटवू शकतो. म्हणून स्फोटरोधक पेट्यांसाठी वेगळी, जास्त कडक मर्यादा तपासतात. मिथेनसाठी ती 1.14 मिलिमीटर आहे आणि हायड्रोजनसाठी 0.3 मिलिमीटरच्याही किंचित खाली, म्हणजे शमन अंतराच्या साधारण निम्मी. प्रत्यक्ष जोडातली फट त्याहून बारीक ठेवतात. असल्या पेटीचं झाकण घरगुती गॅस्केट घालून ‘ठीक’ करणं कुणीही करू नये.

एका बाजूला झुकणारी ज्योत

ज्योत बाजूच्या भिंतीकडे झुकते आणि लोकांना वाटतं भिंत तिला ओढते. खरं कारण हवेचं आहे. ज्योत सगळ्या बाजूंनी हवा आत घेते. भिंतीच्या बाजूने ती मिळत नाही, उरलेल्या बाजूंनी येणारी हवा ज्योतीला भिंतीवर रेटते. कोपऱ्यात तर दोन बाजू बंद, म्हणून तिथल्या आगीच्या ज्वाळा उंच जातात, कारण पुरेशी हवा गाठायला त्यांना वरपर्यंत जावं लागतं. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 रोजी लाकडी सरकत्या जिन्यावर लागलेल्या आगीत ज्वाळा उभ्या राहण्याऐवजी जिन्याच्या उतरत्या खाचेत आडव्या झाल्या आणि वर धावल्या. 31 जण गेले. भिंतींच्या आकाराने आग कशी वळते हे तिथून नीट अभ्यासलं गेलं. छोट्या बर्नरपुरतं उत्तर सोपं आहे: बर्नर भिंतीपासून दूर घ्या, दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा द्या.

ज्योत जळते, पण वास येतो किंवा पाणी टपकतं

ज्योतीवर थंड पृष्ठभाग फार जवळ आणला की तो ज्योतीचं टोक विझवतो. अर्धवट जळलेले वायू तिथून निसटतात, त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे वास येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. डोकं दुखणं, गरगरणं सुरू झालं तर आधी गॅस बंद करून मोकळ्या हवेत या, निदान नंतर. दुरुस्ती म्हणजे ज्योत आणि पृष्ठभाग यांतलं अंतर बनवणाऱ्याने दिलं तेवढं परत आणणे. आधाराचे पाय झिजले, वाकले किंवा बदलले गेले की हे अंतर नकळत कमी होतं. ज्योतीचा निळा आतला सुळका पृष्ठभागाला टेकता कामा नये.

पाण्याचे थेंब मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. पृष्ठभाग पन्नास अंशांपेक्षा थंड असेपर्यंत ती वाफ त्यावर जमते. पृष्ठभाग तापल्यावर थेंब थांबले तर भांड्याला गळती नाही.

ज्योत ठीक, पण गॅस आपोआप बंद होतो

ही तक्रार सगळ्यांत शेवटी घेतली, कारण ती विझण्यासारखी दिसते पण विझणं नसतं. ज्योत-सुरक्षेचं थर्मोकपल, म्हणजे ज्योतीत टोक ठेवलेली धातूची बारीक कांडी, तापलं की साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट विद्युतदाब देतं आणि त्यावर विद्युतचुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. टोक थोडं खाली सरकलं असेल तर मंद आचेवर ते ज्योतीत राहत नाही, मघाच्या त्या काळ्या पट्टीत किंवा तिच्याही खाली जातं. तिथला वायू अजून पेटलेलाच नसतो. डोळ्यांना ज्योत दिसते, थर्मोकपलला थंडी वाजते, व्हॉल्व्ह पडतो. नवीन थर्मोकपल त्याच जागी बसवलं तर आठवड्याने तेच होणार.

गॅस बंद करून, बर्नर थंड झाल्यावर टोकावरची काजळी बारीक पॉलिश कागदाने काढा. कंसाचा स्क्रू सैल करून टोक बनवणाऱ्याच्या खुणेवर परत आणा. मग सगळ्यांत मंद आचेवर पेटवून अंधारात पाहा: टोकाचे शेवटचे काही मिलिमीटर निळ्या ज्योतीने वेढलेले दिसले पाहिजेत. तशा मंद आचेवर दहा मिनिटं टिकली तर काम झालं. टिकली नाही तर ओळखीच्या जाणकार तंत्रज्ञाला बोलवा आणि लिहून ठेवलेल्या वेळा त्याच्या हातात द्या. पण थर्मोकपलला बगल देऊन व्हॉल्व्ह तारेने बांधून ठेवू नका, एका दिवसापुरताही नाही.